मज्जारज्जूच्या इजेवर मूलपेशी उपचार: बाग विकण्याइतकी खात्री कोणी देऊ शकते का?

तासगावचा बागायतदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या चोवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली उलटून तो तिच्याखाली सापडला. त्याच रात्री मिरजेला शस्त्रक्रिया झाली आणि मणके स्क्रू-रॉडने बांधून दिले, परंतु डी-8 (छातीचा आठवा मणका) या पातळीवर मज्जारज्जूला बसलेला मार तसाच राहिला. कागदावर ‘एएसआयए-ए’, म्हणजे पूर्ण इजा, असे लिहिलेले आहे. बेंबीच्या वरपासून खाली त्याला स्पर्श कळत नाही आणि लघवी-शौचावर ताबा नाही. हात उत्तम आहेत, डोके त्याहून उत्तम आहे. बागेच्या फवारणीचे वेळापत्रक आणि मजुरीचा हिशेब आज तोच सांभाळतो.

गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका उपचार केंद्राने सांगलीत हॉटेलच्या सभागृहात माहितीचा कार्यक्रम ठेवला होता. सुरुवातीला त्यांनी पडद्यावर जपानमधील बातमी दाखवली, की तेथे मूलपेशी सोडल्यावर पूर्ण इजा झालेला माणूस उभा राहिला. त्यानंतर लगेच स्वतःच्या उपचाराची माहिती दिली: कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, त्यातील मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी पाठीतून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. असे तीन डोस, आणि प्रत्येक डोसाचे दोन लाख. माझा भाऊ वीस गुंठे बाग विकायला निघाला आहे. गिऱ्हाईकही तयार आहे, कारण रस्त्याकडेची बाग आहे.

जपानमधील उपचार आणि हा उपचार एकच आहे का, दोन वर्षे जुन्या इजेला त्याचा उपयोग होतो का, आणि सांगणारा खरे सांगतो आहे की नाही हे आमच्यासारख्याने कसे तपासावे, एवढे कोणी जाणकाराने सांगावे. भावाला नुसते ‘नको’ म्हणून तो ऐकणार नाही. त्याला कारण द्यावे लागेल.

जीवशास्त्राचे मास्तर, मिरज

जपानमधील बातमी खरी आहे, परंतु तुम्हांला विकला जाणारा उपचार वेगळा आहे. दोन्हींमध्ये ‘मूलपेशी’ हा शब्द सोडला तर फारसे काही समान नाही. मी डॉक्टर नाही; जीवशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर या विषयाचे वाचन चालू ठेवले आहे, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

टोकियोच्या केईओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांचा गट वीस वर्षांहून अधिक काळ या एकाच प्रश्नावर काम करत आहे. त्यांनी वापरलेल्या पेशी अस्थिमज्जेतून थेट काढलेल्या नव्हत्या. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या साह्याने पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत नेऊन दाखवले, आणि त्याबद्दल त्यांना 2012 चे नोबेल जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. अशा पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. केईओच्या गटाने दात्याच्या आयपीएस पेशींपासून प्रयोगशाळेत चेतासंस्थेच्या पूर्वज पेशी तयार केल्या, त्या तपासून गोठवून ठेवल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये पहिल्या रुग्णाच्या मज्जारज्जूत इजेच्या जागी शस्त्रक्रिया करून सुमारे 20 लाख पेशी सोडल्या. सर्व रुग्णांची इजा पूर्ण होती आणि ती होऊन दोन ते चार आठवडेच झाले होते. मार्च 2025 मध्ये चार रुग्णांचा निष्कर्ष जाहीर झाला. वर्षभरात गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. एक जण ‘ए’ श्रेणीतून ‘डी’ श्रेणीत (बरीचशी हालचाल परत) आला, आधाराविना उभा राहू लागला आणि त्याने चालण्याचा सराव सुरू केला. दुसरा ‘सी’ श्रेणीत (थोडी हालचाल) आला. उरलेल्या दोघांची श्रेणी बदलली नाही. ही चाचणी मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी होती. तुलनेसाठी पेशी न दिलेला गट तिच्यात नव्हता.

आता तुमच्या पुतण्याच्या हाडातून काढायच्या पेशींविषयी. अस्थिमज्जेत दोन प्रकारच्या मूलपेशी महत्त्वाच्या असतात. एक रक्त बनवणाऱ्या, ज्यांच्यावर रक्ताच्या कर्करोगातील प्रत्यारोपण आधारलेले आहे आणि ते निर्विवाद सिद्ध आहे. दुसऱ्या मेसेन्कायमल पेशी, ज्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी तयार होऊ शकते. यांपैकी कोणतीही पेशी पाठीच्या पाण्यात सोडल्यावर चेतापेशी होऊन मज्जारज्जूत जोडली जाते, असे माणसात कोणी दाखवलेले नाही. त्या काही रसायने स्रवतात आणि त्यामुळे सूज किंवा दाह कमी होऊ शकतो, हा दावा अभ्यासला जात आहे. दाह कमी करण्याचा उपयोग झालाच तर इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होण्याची शक्यता अधिक. दोन वर्षांनंतर तेथे शांत करण्याजोगा पहिला दाह उरलेला नसतो.

मुळात मज्जारज्जू भरून का येत नाही, हे भावाला समजावणे उपयोगी पडेल. हाताच्या मज्जातंतूला इजा झाली तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूत तसे घडत नाही. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी 1928 मध्येच लिहून ठेवले, की प्रौढ मेंदू-मज्जारज्जूत सर्व काही मरू शकते, पुन्हा काहीच निर्माण होत नाही. मात्र हे कठोर विधान बदलण्याचे काम त्यांनी पुढील पिढ्यांवर सोपवले. 1981 मध्ये सॅम डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांत परिघीय (मेंदू-मज्जारज्जूबाहेरच्या) मज्जातंतूचा तुकडा कलम करून दाखवले, की मज्जारज्जूतील अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे निरोप नेणारे लांब धागे, त्या तुकड्यातून चांगले लांब वाढतात आणि पुन्हा मज्जारज्जूच्या हद्दीत शिरताच थांबतात. वाढण्याची क्षमता पेशीत शिल्लक होती, परिसर अनुकूल नव्हता. या तंतूंवरील मायलिनच्या आवरणातील नोगो हे प्रथिन वाढ रोखते. इजेभोवती ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींचा व्रण तयार होतो आणि त्यातील काही रेणूही अडथळा करतात, जरी हाच व्रण इजा पसरू देत नाही आणि 2016 च्या एका अभ्यासात तो वाढीस मदत करतानाही दिसला. जुन्या इजेत मध्यभागी बऱ्याचदा द्रवाने भरलेली पोकळी राहते. म्हणजे पेशी मेल्या आहेत, उरलेल्या वाढत नाहीत आणि मध्ये जागाच रिकामी आहे, अशा तिहेरी अडचणीवर एकच इंजेक्शन तोडगा ठरेल, असे मानायला आधार लागतो.

चेता-मूलपेशींकडे संशोधकांचे लक्ष गेले ते या अडचणीमुळेच. कॅनडातील कॅल्गरी येथे ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी 1992 मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या केल्या, ज्या बशीत विभागत राहतात आणि ज्यांच्यापासून चेतापेशी तयार होतात. आज आपल्याला माहीत आहे, की चेता-मूलपेशीपासून चेतापेशी, ॲस्ट्रोसाइट आणि मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या तिन्ही जाती निर्माण होतात, म्हणजे जे हरवले आहे नेमके तेच.

इस्लामपूरकर

मास्तरांचा अभ्यास दांडगा आहे, हे मान्य. परंतु ज्याचे जळते त्यालाच कळते. माझ्या थोरल्या भावाला दीड वर्षापूर्वी असाच उपचार दिला. त्यानंतर त्याच्या मांडीत मुंग्या येऊ लागल्या, पायाची बोटे अधूनमधून हलतात आणि घाम कमरेच्या खालीही येतो असे तो सांगतो. हे सगळे मनाचे खेळ आहेत का? दुसरे असे, की जपाननेच 2018 मध्ये अस्थिमज्जेतील पेशींच्या उपचाराला परवानगी दिली आहे. मग तेथे चालते ते येथे का चालू नये? सरकार आणि मोठी रुग्णालये पंधरा वर्षे ‘संशोधन चालू आहे’ एवढेच म्हणणार असतील, तर तोवर तरण्या मुलाने पलंगावर वाट बघत बसायचे का?

भौतिकोपचार ताई, विश्रामबाग

इस्लामपूरकर दादा, तुमच्या भावाला जे जाणवते ते खोटे आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की ते उपचारामुळे घडले हे ठरवायचे कशावरून.

आम्ही मज्जारज्जूच्या रुग्णाची एएसआयए तपासणी करतो तेव्हा शरीराच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक बिंदूंवर कापूस आणि टाचणी लावून संवेदना मोजतो, हातापायांच्या ठरावीक स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी नोंदवतो आणि शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना व आकुंचन पाहतो. तेथे काहीच नसेल तर ‘ए’. ही तपासणी उपचारापूर्वी व नंतर, शक्यतो कोणता उपचार झाला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने केली, तरच फरक सांगता येतो. पायाची बोटे आपोआप हलणे हे पुष्कळदा स्पॅस्टिसिटीमुळे असते. मेंदूकडून आज्ञा न येताही मज्जारज्जूचा खालचा भाग प्रतिक्षिप्त क्रियेने स्नायू आवळतो. ‘आता हलव’ म्हटल्यावर हलले तर ती वेगळी गोष्ट, आणि तसे होत असेल तर भावाला कृपया लवकर दाखवा, मला मनापासून आनंद होईल.

शिवाय आपोआप होणारी सुधारणा लक्षात घ्यावी लागते. पहिल्या महिन्यात ‘ए’ म्हणून नोंदवलेल्या रुग्णांपैकी साधारण 10 ते 20 टक्के रुग्ण वर्षभरात कोणत्याही विशेष उपचाराविना वरच्या श्रेणीत जातात. ‘ए’ वरून थेट ‘डी’ असे क्वचितच घडते, म्हणून जपानमधील तो एक रुग्ण लक्ष वेधून घेतो. परंतु चार जणांत दोन सुधारले म्हणजे निम्मे सुधारतात, असा हिशेब मांडता येत नाही. त्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने शिस्तबद्ध पुनर्वसनही दिले गेले होते, हे सभागृहात कोणी सांगितले होते का?

जीवशास्त्राचे मास्तर, मिरज

इस्लामपूरकरांचा 2018 चा मुद्दा योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. साप्पोरो वैद्यकीय विद्यापीठ आणि निप्रो कंपनी यांच्या ‘स्टेमिरॅक’ या उत्पादनाला जपानने डिसेंबर 2018 मध्ये परवानगी दिली. ती सशर्त आणि मुदतीची परवानगी होती: सात वर्षे उपचार देत पुरावा गोळा करा, मग पाहू. तिचा आधार 13 रुग्णांचा अभ्यास होता. त्यातील 12 जणांत सुधारणा दिसली, परंतु तुलनेचा गट नव्हता, आणि या कारणावरून जगभरातील शास्त्रज्ञांनी त्या निर्णयावर उघड टीका केली. तेथेही रुग्णाची अस्थिमज्जा इजेनंतर महिन्याभरात घेतली जाते, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जातात आणि शिरेतून दिल्या जातात. तुमच्याकडे हाडातून काढून त्याच दिवशी पाठीत सोडणे आणि हे, दोन्ही प्रक्रिया सारख्या नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 2024 मध्ये चरबीतील पेशी वाढवून 10 रुग्णांना पाठीतून दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 7 जणांची श्रेणी सुधारल्याचे नोंदवले. तोही पहिल्या टप्प्याचाच, तुलनेच्या गटाविना. लेखकांनीही त्याला सिद्ध उपचार म्हटलेले नाही, आणि आपल्याकडे मात्र त्याचीच कात्रणे जाहिरातीत लावली जातात.

तासगावचा बागायतदार (धागाकर्ता)

मास्तर, आम्हा बागवाल्यांना एक शंका. आम्ही द्राक्षात डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचा डोळा भरतो आणि दोन्ही जुळून एक झाड होते. मूलपेशी मज्जारज्जूत सोडल्यावर असेच जुळते का? आणि जुळत असेल तर जुन्या इजेत का जुळू नये? खुंट तर जिवंतच आहे.

जीवशास्त्राचे मास्तर, मिरज

ही उपमा बरीच पुढे नेता येते. खुंटात रस वाहतो तसा इजेच्या वर आणि खाली मज्जारज्जू जिवंत असतो, हे खरे. सान दिएगो येथील मार्क टुझिन्स्की यांच्या गटाने 2012 मध्ये उंदरांचा मज्जारज्जू छातीच्या पातळीवर पूर्ण कापून तेथे चेता-मूलपेशी फायब्रिनच्या जेलमध्ये बसवल्या, तेव्हा त्या पेशी जगल्या, त्यांतून असंख्य अक्षतंतू दोन्ही दिशांना दूरवर वाढले आणि यजमान चेतापेशींशी त्यांचे सांधे जुळले. अपेक्षा अशी, की वरची चेतापेशी नव्या पेशीला निरोप देईल आणि नवी पेशी तो खाली पोहोचवेल. जुना तंतू पुन्हा तेवढा लांब वाढण्याची गरज राहणार नाही. 2018 मध्ये त्याच गटाने माकडांत मानवी चेता-मूलपेशी बसवल्या आणि त्यांचे अक्षतंतू 50 मिलिमीटरपर्यंत वाढलेले पाहिले.

उपमा येथे थांबते. द्राक्षाच्या कलमात रसवाहिन्या जुळल्या की पुरे, कोणती वाहिनी कोणत्या वाहिनीला जुळली याला महत्त्व नाही. चेतासंस्थेत मात्र अंगठ्याकडे जाणारा निरोप मूत्राशयाकडे गेला तर उपयोग नाही, उलट वेदना किंवा स्पॅस्टिसिटी वाढू शकते. नवी जोडणी कामाची ठरण्यासाठी सरावाने तिची निवड व्हावी लागते, आणि म्हणूनच ताई म्हणतात त्या पुनर्वसनाला पर्याय नाही. 2012 चा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिला गेला तेव्हा अक्षतंतूंची वाढ दिसली, पण चालण्यातील सुधारणा तितकी आढळली नाही, आणि काही उंदरांत सोडलेल्या पेशी मूळ जागेपासून दूर जाऊन त्यांचे पुंजके तयार झालेले दिसले. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत.

आता जुन्या इजेचा प्रश्न. माणसांत जुन्या इजेवर खऱ्या चेता-मूलपेशी वापरलेल्या चाचण्या थोड्याच आहेत. सान दिएगोत न्यूरलस्टेम कंपनीच्या पेशी चार रुग्णांना दिल्या गेल्या. त्यांची इजा छातीच्या पातळीवरची आणि एक-दोन वर्षे जुनी होती, म्हणजे बरीचशी तुमच्या पुतण्यासारखी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पेशी सुरक्षित ठरल्या आणि दोघांत एक-दोन पातळ्यांची सुधारणा नोंदवली गेली. पातळी सुधारणे याचा अर्थ छाती-पोटाच्या आणखी एखाद्या पट्ट्यात संवेदना किंवा हालचाल येणे असा आहे. चौघांपैकी कोणीही चालू लागला नाही. स्टेमसेल्स इन्कॉर्पोरेटेड या कंपनीनेही जुन्या इजेवर चेता-मूलपेशी वापरल्या. सुरुवातीला काहींना संवेदना परत आल्याने आशा वाढली, परंतु मानेच्या इजेवरील पुढच्या अभ्यासात अपेक्षेइतका फरक न दिसल्याने 2016 मध्ये काम थांबले आणि कंपनीही आटोपली. त्याआधी जेरॉन कंपनीने ऑक्टोबर 2010 मध्ये भ्रूण-मूलपेशींपासून तयार केलेल्या, मायलिन बनवणाऱ्या पेशी पहिल्यांदा माणसाला दिल्या होत्या. पाच रुग्णांनंतर नोव्हेंबर 2011 मध्ये पैशांच्या कारणाने ती चाचणी बंद झाली आणि नंतर दुसऱ्या कंपनीने अधिक मात्रेत ती पुढे नेली.

हे सगळे वाचून निराश होऊ नये. प्रगती होत आहे, आणि ती ज्या वेगाने होत आहे त्या वेगानेच सांगावी, एवढाच माझा आग्रह आहे.

चाकावरचा कराडकर

मी स्वतः अकरा वर्षे व्हीलचेअरवर आहे, डी-10, पूर्ण. त्यामुळे वाट बघण्याचा प्रश्न मला कोणी शिकवू नये आणि मीही कोणाला धीर धरण्याचे प्रवचन देणार नाही. तपासायचे कसे, याचे मात्र नेमके उत्तर आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 मध्ये मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा उपचार म्हणून वापर मान्य नाही. तो केवळ परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि चाचणीबाहेर तो देणे अनैतिक व गैरव्यवहार मानले आहे. प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’, म्हणजे सीटीआरआयमध्ये करणे जून 2009 पासून बंधनकारक आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. तेव्हा केंद्राला सीटीआरआय क्रमांक मागा. क्रमांक दिला तर तो उघडून आजाराचे नाव, इजा किती जुनी असावी, किती रुग्ण घेणार आणि नैतिकता समितीची मान्यता हे सर्व जुळते का ते पाहा. चाचणीतील प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. सहा लाख मागणारा माणूस ‘हे संशोधन आहे’ म्हणत असेल, तर त्याचे कोणते तरी एक वाक्य चुकीचे आहे.

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय’ हे वाक्य तुम्हांला हमखास ऐकवले जाईल, म्हणून तीन नोंदी देतो. पोर्तुगालमध्ये एका तरुणीच्या मज्जारज्जूत नाकातील श्लेष्मल ऊतक बसवले गेले; आठ वर्षांनी पाठ दुखू लागल्यावर अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली तेव्हा तेथे श्लेष्मा तयार करणारी गाठ निघाली. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झाले. मॉस्कोमध्ये एका दुर्धर आनुवंशिक आजाराच्या मुलाला गर्भातील चेता-मूलपेशी दिल्या होत्या. त्याच्या मेंदूत व मज्जारज्जूत दात्यांच्या पेशींपासून गाठी झाल्याचे 2009 मध्ये नोंदवले गेले. पक्षाघाताचा एक रुग्ण चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको येथे इंजेक्शने घेऊन आला. त्याच्या पाठीच्या कण्यात वाढलेल्या गाठीतील पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. हे 2016 मध्ये छापून आले. स्वतःच्याच अस्थिमज्जेच्या पेशींत हा धोका कमी असेल, पण पाठीत सुई जाते तेव्हा जंतुसंसर्गाचा धोका असतोच, आणि पुढे एखाद्या खऱ्या चाचणीत जायचे म्हटले तर आधी पेशी घेतलेल्या रुग्णाला बऱ्याचदा वगळले जाते. हा शेवटचा तोटा कार्यक्रमात कोणीही सांगत नाही.

सातारा रोडवरून

विषयाला थोडे सोडून विचारतो. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. मेंदूच्या बाबतीतही अशीच स्थिती आहे का?

जीवशास्त्राचे मास्तर, मिरज

पार्किन्सन्समध्ये काम अधिक पुढे गेले आहे, याचे कारण आजाराच्या स्वरूपात आहे. तेथे मुख्यतः डोपामिन बनवणाऱ्या एका जातीच्या पेशी कमी पडतात आणि नव्या पेशींनी मेंदूच्या ठरावीक भागात डोपामिन सोडले तरी लाभ होऊ शकतो. मज्जारज्जूसारखी दूरवरची अचूक जोडणी तितकी लागत नाही. एप्रिल 2025 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या आयपीएस पेशींच्या आणि अमेरिकेतील भ्रूण-मूलपेशींच्या, अशा दोन लहान चाचण्यांचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले. पेशी जगल्या, डोपामिन तयार झाले, गाठी झाल्या नाहीत. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनंतरच उपयोग किती ते कळेल. तोवर वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा अजिबात चुकवू नका. पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्यावर अनेक जातींच्या पेशी एकदम नष्ट होतात, म्हणून तो प्रश्न मज्जारज्जूइतकाच अवघड आहे.

इस्लामपूरकर

कराडकरांनी सांगितलेले वगळले जाण्याचे कलम आम्हांला कोणी सांगितले नव्हते. भावाला ताईंकडे तपासणीसाठी घेऊन येतो. बाकी, आमच्या शेजारच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात पाठीत गोळी लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. तासगावकरांनी पुतण्याला हे जरूर सांगावे.

चाकावरचा कराडकर

पेटकरांबद्दल आदर आहेच. मात्र अपघातानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने मला त्यांचेच नाव ऐकवले होते, आणि त्या वेळी मला पदक नको होते, घराच्या पायरीला उतार हवा होता.

तासगावचा बागायतदार (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. केंद्राला फोन करून सीटीआरआय क्रमांक मागितला. त्यांनी रुग्णालयाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र पाठवले आणि ‘आमच्याकडे संशोधन नाही, उपचार आहे’ असे सांगितले. भावाला कराडकरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गिऱ्हाईकाला त्याने अजून नाही म्हटलेले नाही, परंतु विसार परत केला आहे. पुतण्याने सगळा धागा स्वतः वाचला आणि त्याचा प्रश्न वेगळाच निघाला: उद्या जुन्या इजेसाठी खरी चाचणी भारतात निघाली, तर तिच्यात बसण्यासाठी आजपासून काय सांभाळले पाहिजे?

भौतिकोपचार ताई, विश्रामबाग

त्याला सांगा, की हा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. चाचणीत घेताना सांधे आखडलेले नाहीत ना, बेडसोर किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हाडे फार ठिसूळ झालेली नाहीत ना, हे पाहिले जाते. घोटा, गुडघा आणि खुबा यांची हालचाल रोज पूर्ण व्हायला हवी. उभे राहण्याची चौकट सांगलीत वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येते. मापे मी देईन. मात्र त्याआधी हाडांची घनता तपासून डॉक्टरांची परवानगी घ्या, कारण इजेखालची हाडे दोन वर्षांत बरीच विरळ होतात आणि फ्रॅक्चर झाले तरी त्याला कळणार नाही. या रविवारी मी दुपारपर्यंत मोकळी आहे, त्याला घेऊन या, म्हणजे एएसआयए तपासणी नव्याने नोंदवून ठेवू.

चाकावरचा कराडकर

लघवीसाठी कायमची नळी असेल तर ती काढून ठरावीक वेळी स्वच्छ नळी घालण्याची पद्धत शिकता येईल का, हे मूत्ररोगतज्ज्ञांना विचारा. त्याचे हात चांगले आहेत, तो स्वतः करू शकेल. त्याआधी युरोडायनॅमिक (मूत्राशयाच्या कामाची) तपासणी आणि वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी. गादी हवेची घ्या, फोमची नको, आणि बागेत बसून हिशेब करतो म्हणालात तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायला सांगा. मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेत व्हीलचेअर अंगाच्या मापाने मिळू शकते. जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आणि ऑपरेशनचे सगळे कागद, एमआरआयच्या सीडीसह, बरोबर ठेवा.